एका नावाचे दोन बोर्ड

नकाशा कार्यालयात तिला ठिपकेबाई म्हणायचे. तोंडावर नाही, पण तिला ठाऊक होतं. कार्यालयातला कुठलाही कॉम्प्युटर दुरुस्तीला उघडला, की बंद करताना ती मागच्या एका स्क्रूवर नेलपॉलिशचा बारीक ठिपका ठेवायची, अर्धा स्क्रूवर, अर्धा पत्र्यावर. मागाहून कुणी स्क्रू फिरवला तर ठिपका तुटायचा. आणि ठिपका तुटलेला दिसला की त्या खोलीतल्या सगळ्यांची उलटतपासणी व्हायची. स्वतःच्या नखांना मात्र तिनं जन्मात रंग लावला नव्हता.

हा स्वभाव काही आईच्या पोटातून आला नव्हता. तरुणपणी ती रेडिओ-टीव्ही दुरुस्तीच्या एका दुकानात कामाला होती. मालक गिऱ्हाइकांच्या टीव्हीतले चांगले भाग काढून घ्यायचा आणि वापरलेले बसवायचा. एकदा पकडला गेला, तेव्हा त्यानं शांतपणे तिच्याकडे बोट दाखवलं. खरं बाहेर यायला दोन महिने लागले, आणि त्या दोन महिन्यांत त्या बाजारातल्या एकाही दुकानानं तिला दारात उभं केलं नाही. तेव्हापासून ती माणसाच्या बोलण्यावर विसंबली नाही. वस्तूवर काय छापलंय ते बघायचं, आणि तेही भिंगाखाली धरून. नवरा शिंपी होता, अबोल माणूस, पण कधीतरी टाका घालायचाच. म्हणायचा, हिच्यापुढे देव प्रसन्न झाला तर ही आधी त्याला विचारेल, वर नवा आहे की कुणी परत केलेला.

विश्वास ठेवावा असं तिला वाटे ते एकाच माणसाबद्दल, तो म्हणजे तिचा धाकटा दीर. ती लग्न होऊन आली तेव्हा तो अंगठ्याएवढ्या पेन्सिलीनं गणितं करत बसलेला, हडकुळा पोरगा होता. सोल्डरिंग आयर्न पहिल्यांदा त्यानं धरलं ते तिच्याच हाताखाली. पुढे त्यानं दोन गल्ल्या पलीकडे कॉम्प्युटरचं दुकान टाकलं. वय चाळीस झालं, पोट सुटलं, पण दर रविवारी दुपारी जेवायला यायचा तो अजून. ती त्याला "भाऊजी" म्हणायची, तो "वहिनी". जेवण झालं की दोघं कुठल्यातरी मेलेल्या बोर्डवर डोकं घालून संध्याकाळपर्यंत बसायची, आणि शिंपी शेजारच्या खोलीत मशीन चालवत म्हणायचा, "लग्न माझ्याशी झालंय ना गं तुझं?"

कार्यालयाला सहा नवे कॉम्प्युटर घ्यायचे ठरले, तेव्हा अर्ज करणाऱ्यांत दिराचं दुकानही होतं. ठिपकेबाईंनी त्याच दिवशी संचालक बाईंना लेखी कळवलं की हा माझा सख्खा दीर आहे, मला निवडीतून बाजूला ठेवा. संचालक बाईंनी ठेवलं. प्रत्येक दुकानाकडून एकेक नमुना मागवला, तिघांच्या समितीनं आठवडाभर चालवून पाहिला आणि दिराचा नमुना निवडला. सगळं सरळ झालं होतं. तरी पत्र निघालं त्या दिवशी चहाच्या टेबलावर कुणीतरी म्हणालंच, "घरचाच माल आहे, नीट सांभाळतील." ती हसली नाही.

काम होतं जुन्या नकाशांचं. कापडावर चिकटवलेले, माणसाच्या उंचीचे ताव रुंद स्कॅनरमधून काढायचे आणि त्यांची चित्रं तळमजल्यावरच्या मोठ्या साठवण-मशीनमध्ये पाठवायची. असे सहा स्कॅनर होते, आणि प्रत्येकाचं कार्ड आपापल्या कॉम्प्युटरच्या स्लॉटमध्ये बसायचं. ताव हाताळणाऱ्या माणसाला सगळे ताववाले काका म्हणायचे. निवृत्तीला वर्ष उरलेलं, हात इतके हलके की तावाला सुरकुती पडलेली कुणी पाहिली नव्हती.

नवे कॉम्प्युटर लागून चार दिवस झाले आणि ताववाले काका तिच्या टेबलाशी येऊन उभे राहिले. त्यांनी तक्रार अशी केलीच नाही. एवढंच सांगितलं, की नमुन्याच्या मशीनवर एक ताव चार मिनिटांत निघायचा, या नव्या मशीनवर दहा-अकरा मिनिटं लागतात. ताव मध्येच थांबतो, पुन्हा सरकतो, पुन्हा थांबतो. "मशीन तेच आहे ना, बाई?" त्यांनी विचारलं. प्रश्न साधाच होता. पण तिला तो साधा वाटला नाही.

तिनं आधी सगळी नेहमीची उत्तरं तपासली. स्कॅनर बदलला. केबल बदलली. कार्ड एका स्लॉटमधून काढून दुसऱ्यात घातलं, मग तिसऱ्यात. नमुन्याच्या मशीनमधलं कार्ड नव्यात लावलं आणि नव्यातलं नमुन्यात. नमुना कुठल्याही कार्डानं धावायचा. नवी मशीनं कुठल्याही कार्डानं रखडायची. म्हणजे दोष कार्डात नव्हता, पेटीच्या आत होता. आणि पेट्या आल्या होत्या दिराच्या दुकानातून.

त्याच दुपारी संचालक बाईंनी तिला बोलावलं. आवाज मऊ होता, पण खोलीचं दार त्यांनी स्वतः उठून लावलं. नमुन्यात आणि आलेल्या मालात काही फरक आहे का, असं त्यांनी विचारलं. मग कागद उगाचच सरळ करत म्हणाल्या, "पुरवठादार तुमचे नातेवाईक आहेत ना? मी विचारत नाहीये, पण विचारणारे आहेत."

ती बाहेर आली ती कानशिलं तापलेली घेऊनच. पंचवीस वर्षांपूर्वीचं ते बोट पुन्हा आपल्याकडे वळलंय असं तिला वाटलं. आणि तेव्हाच तिच्या मनात पहिल्यांदा आलं, की दाखवायला एक आणि द्यायला दुसरं, हा धंदा तर जगात सगळीकडे चालतो. भाऊजी काय आभाळातून पडलेत?

एकदा संशयानं उंबरा ओलांडला की तो पाट मांडून बसतो. मागच्या दोन रविवारी भाऊजी जेवणानंतर लवकर उठून गेले होते, ते तिला आठवलं. दुकानात नवी काचेची कपाटं आली होती, तेही आठवलं. नमुना घेऊन ते स्वतः आले होते आणि सहा पेट्या मात्र टेम्पोवाल्यानं आणल्या होत्या. तेव्हा यातल्या कशालाच अर्थ नव्हता. आता प्रत्येकाला होता.

तिनं नमुना आणि एक नवं मशीन शेजारी शेजारी ठेवून एकदम चालू केलं. पडद्यावर पहिल्यांदा पांढरी अक्षरं सरकतात ती कुणी वाचत नाही. ती वाचायची. मेमरीच्या ओळीत नमुन्यावर "दुहेरी" या अर्थाचा शब्द होता. नव्यावर तो नव्हता. मेमरीच्या दोन पट्ट्या दोन्हीकडे होत्या, पण नमुन्यात त्या दोन रस्त्यांनी बोलत होत्या आणि नव्यात एकाच.

तिनं दोन्ही मशीनं बंद केली. हे रस्ते मेमरी ठरवत नाही, प्रोसेसरही ठरवत नाही. ते ठरवतो मदरबोर्डवरचा चिपसेट. प्रोसेसरच्या शेजारी एक मोठी चिप असते आणि खाली स्लॉटांजवळ एक धाकटी. प्रोसेसरनं मेमरीशी किती वेगानं बोलायचं, स्लॉटमधल्या कार्डांना किती रुंद वाट मिळायची, कोणाला स्वतःची वाट आणि कोणाला वाटणीची, हे सगळं या दोघींच्या हातात. या वाटांनाच बस म्हणतात. प्रोसेसर कितीही दांडगा घ्या, चिपसेटनं वाट अरुंद दिली की तो आपला दारात ताटकळत उभा.

तिनं दोन्ही बोर्ड बाहेर काढले. दोन्हींवर मॉडेलचं नाव एकच, अक्षरंसुद्धा त्याच वळणाची. मोठ्या चिपवर उष्णता वाहून नेणारा धातूच्या पात्यांचा ठोकळा घट्ट बसवलेला असतो, त्यामुळे चिपवरचा क्रमांक कुणाला दिसत नाही. तिनं दोन्ही ठोकळे काढले, वाळलेलं पांढरं मलम कापसानं पुसलं आणि भिंग डोळ्याला लावलं.

क्रमांक वेगळे होते.

तिनं भिंग खाली ठेवलं. मग पुन्हा उचललं आणि चिपच्या कडा पाहिल्या. घासून पुन्हा छापलंय का, हे स्पिरिट लावून पाहिलं. छाप अस्सल होता. अस्सल, पण हलक्या जातीचा. बोर्डावरच्या बारीक रेषा तिनं बोटानं मागोवा घेत पाहिल्या, तेव्हा दुसरीही गोष्ट उलगडली. नमुन्यात नेटवर्कचं तोंड स्वतंत्र वाटेनं थेट मोठ्या चिपला जोडलेलं होतं. नव्या बोर्डावरच्या चिपसेटला अशी वाटच नव्हती, म्हणून नेटवर्क त्या स्लॉटांच्याच सामाईक वाटेवर आणून सोडलं होतं. स्कॅनरचं कार्ड त्याच वाटेवर. वरून ताव येतोय आणि खालून आधीचा ताव तळमजल्यावर जातोय, आणि रस्ता एकच. ताव मध्येच का थांबायचा, ते तिला कळलं.

शोध लागला याचा आनंद झाला असता, एरवी. त्या दुपारी तिनं अहवाल लिहिला. निवडलेल्या नमुन्यातला आणि पुरवलेल्या मालातला चिपसेट वेगळा आहे, फरक मुद्दाम झाकल्यासारखा आहे, पुरवठादाराकडे खुलासा मागावा. दुकानाचं नाव पूर्ण लिहिलं. खाली ठळक सही केली, आणि त्याचा तिला त्या वेळी अभिमान वाटला.

घरी आल्यावर तिनं नवऱ्याला सगळं सांगितलं. शिंपी एका कोटाची बाही उसवत होता. त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "त्याला एकदा विचारलंस का?"

"विचारलं असतं तर सावध झाले असते."

"कोण? चोर, की माझा भाऊ?"

ती भाजी चिरायला आत गेली. त्यानं पुन्हा विचारलं नाही, बाही मात्र जरा जास्तच उसवली.

तिसऱ्या दिवशी दीर कार्यालयात आला. एका हातात संचालक बाईंचं पत्र, दुसऱ्या काखेत न उघडलेली पेटी. संचालक बाईंच्या खोलीत समितीचे तिघं आणि ठिपकेबाई बसल्या होत्या. त्यानं सगळ्यांना नमस्कार केला, तिलाही, सगळ्यांसारखाच. म्हणाला, घाऊक व्यापाऱ्याकडून त्याच खेपेत आलेली ही सातवी पेटी दुकानात शिल्लक आहे, सील तुमच्यासमोर तोडा. मग तिच्याकडे पेटी सरकवत म्हणाला, "मॅडम, तुम्हीच उघडा. तुमचा हात बसलाय."

पंचवीस वर्षांत त्यानं तिला मॅडम म्हटलं नव्हतं. तिनं कात्री घेतली. पण कापण्याआधी तिनं सील भिंगाखाली धरलं, पट्टीच्या दोन्ही टोकांना, डिंकाच्या कडेला, कुठे दुसऱ्यांदा चिकटवल्याची खूण आहे का ते पाहिलं.  ती पाहतेय हे दीर पाहत होता.

आतला बोर्ड हलक्या चिपसेटचाच निघाला. मग समितीतल्या एकानं नमुन्याची जुनी पेटी आणली आणि दोन्ही पेट्या शेजारी ठेवल्यावर दिसलं, की तळाच्या पट्टीवर लांबलचक क्रमांकाच्या शेवटी नमुन्यावर एक आकडा होता १ आणि नव्यावर २. एवढाच फरक. कारखान्यानं नाव तेच ठेवून आतला माल बदलला होता. निदान दिराचं म्हणणं तसं होतं. तो म्हणाला, मला ठाऊक नव्हतं. आणि निघून गेला.

संचालक बाईंना ते पटलं. समितीला पटलं. ठिपकेबाईंना पटलं नाही. सील पुन्हा बसवता येतं. पट्टी छापता येते. सातवी पेटी मुद्दाम तशी तयार करून आणता येते. ती स्वतःशीच हे बोलत होती आणि स्वतःचाच तिला राग येत होता, तरी थांबता येत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी अर्धी रजा टाकून ती शहराच्या पार दुसऱ्या टोकाला गेली, जिथे तिला ओळखणारं कुत्रंसुद्धा नव्हतं. तिथल्या एका मोठ्या दुकानात गिऱ्हाईक म्हणून तिनं तेच मॉडेल मागितलं. दुकानदारानं पेटी समोर ठेवली. तळाच्या पट्टीवर शेवटी २. तिनं विचारलं, १ वाली मिळेल का? दुकानदारानं तिच्याकडे वर-खाली पाहिलं. त्याला तो आकडाच माहीत नव्हता. तिनं आणखी एक दुकान पाहिलं, आणखी एक. तिसऱ्या दुकानात धूळ खात पडलेली एक १ वाली सापडली. बाकी सगळीकडे २.

परतीच्या वाटेवर तिला आधी हायसं वाटलं, आणि लगेच मेल्याहून मेल्यासारखं झालं. संशय घेतला त्यात चूक नव्हती, मशीनं खरंच बदलली होती. पण तिनं माणूस चुकीचा धरला होता, आणि तोही कागदावर, सहीनिशी.

ती घरी न जाता सरळ दिराच्या दुकानात गेली. दुकानात गिऱ्हाईक नव्हतं. तो काउंटरमागे मेमरीच्या पट्ट्या पुसत बसला होता. तिनं उभ्या उभ्या सांगितलं, की ती तीन दुकानं फिरून आलीय, सगळीकडे तेच आहे, तिची चूक झाली. उद्या दुसरा अहवाल देईन, पहिल्याइतकाच स्पष्ट.

त्यानं स्टूल पुढे केलं. ती बसली. त्यानं हातातली पट्टी खाली ठेवली. मग म्हणाला, "तीन दुकानं फिरलात. माझं दोन गल्ल्यांवर होतं."

तिनं पुसलेल्या पट्ट्या काउंटरवर एका रेषेत लावल्या.

"आणि एक सांगू का," तो खाली बघत म्हणाला, "मीही धुतल्या तांदळासारखा नाही. पेटीत मदरबोर्डसोबत सीडी येते ना, ती वेगळी होती. नमुन्याची निळी, या सहांची करडी. मला दिसलं होतं. इथे लावून पाहिलं, मशीन धावलं, म्हणून मी गप्प बसलो."

"इथे नेटवर्क कुठे जोडलं होतंत?" ती म्हणाली. "रस्त्यावर दुसरी गाडीच नव्हती. धावणारच."

"ते तुम्ही सांगितल्यावर कळलं. पण सीडी दिसली तेव्हाच मी तुम्हाला विचारायला हवं होतं. विचारलं असतं तर तुम्ही पेट्या परत पाठवायला लावल्या असत्यात. हे मला ठाऊक होतं म्हणूनच विचारलं नाही."

तिच्या मनात लख्ख उजेड पडला, आणि त्याच्या मागोमाग संशयाचा तो जुना पाहुणाही पुन्हा डोकावला. म्हणजे दिसलं होतं. आणखी काय काय दिसलं असेल? तिनं तो प्रश्न ओठांपर्यंत आलेला गिळला. गिळता येतो, हे तिला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं. विचारला असता तरी त्यानं खरंच सांगितलं असतं, असंही तिला वाटलं. पण वाटलं, एवढंच.

दुसरा अहवाल तिनं दिला. त्यात दुकानाला निर्दोष म्हटलं, पहिल्या अहवालातलं "मुद्दाम" हे आपलं अनुमान होतं, पुरावा नव्हता, असं लिहिलं. सीडीचं लिहावं की नाही, यावर ती दोन दिवस अडली. शेवटी लिहिलं. दिराला आधी सांगून लिहिलं. तो म्हणाला, लिहा, खरं आहे ते. संचालक बाईंनी ते वाचून इतकंच विचारलं, की आता या सहा मशीनांचं करायचं काय.

बदलून घ्यायची सोय नव्हती, कारण आता बाजारात जवळजवळ सगळीच २ वाली होती. मग तिनंच तोड काढली. हार्ड डिस्कची वाट त्या सामाईक रस्त्यावरून जात नव्हती, धाकट्या चिपमधून वेगळी निघत होती. म्हणून ताव आधी त्याच मशीनच्या डिस्कवर साठवायचे आणि तळमजल्यावर पाठवायचं काम सगळे जेवायला उठले की एकदम सुरू करायचं. वाट तेवढीच राहिली, पण दोन गाड्या एका वेळी तिच्यावर येईनाशा झाल्या. ताव पाच मिनिटांत निघायला लागला. नमुन्यापेक्षा एक मिनिट जास्तच, मेमरीचा तो दुसरा रस्ता नव्हता त्याचं. ताववाले काकांनी घड्याळ लावून पाहिलं आणि म्हणाले, माझ्या हातांना तेवढा दम लागतोच.

कार्यालयाच्या खरेदीच्या फॉर्ममध्ये एक नवी ओळ आली: मॉडेलच्या नावासोबत बोर्डाची आवृत्ती आणि चिपसेटचा क्रमांक लिहावा. ती ओळ कुणामुळे आली हे सगळ्यांना ठाऊक होतं. चहाच्या टेबलावर कुणी काही म्हणालं नाही, निदान तिला ऐकू येईल असं नाही.

दीर चार महिने जेवायला आला नाही. शिंप्यानं एकदाही त्याचा विषय काढला नाही, पण रविवारी दुपारी मशीन बंद ठेवून तो खिडकीशी बसायचा. ती खिडकीकडे पाठ करून भांडी घासायची. पाचव्या महिन्यात दुकानातून एक पाकीट आलं. आत नव्या खेपेचा एक बोर्ड होता आणि चिठ्ठीवर एकच ओळ: विकायला ठेवण्याआधी एकदा बघून द्याल का? तिनं बघितला. ठोकळा काढून, क्रमांक उतरवून, कुठल्या स्लॉटला स्वतःची वाट आहे आणि कुठले वाटणीत आहेत, याचं चित्र काढून परत पाठवला. पुढच्या खेपेला पुन्हा एक आला, मग पुन्हा. तिची अशी चित्रं तो काउंटरच्या काचेखाली ठेवतो आणि गिऱ्हाइकांना दाखवतो, असं तिला शिंप्यानं सांगितलं.

मग एका रविवारी तो स्वतःच चित्र घ्यायला आला आणि जेवून गेला. त्यानंतर येत राहिला. बोलणं होतं, हसणंही होतं. पण जेवण झालं की तो घड्याळ बघायचा आणि तासाभरात उठायचा. संध्याकाळपर्यंत एका बोर्डवर दोघांनी डोकं घालून बसणं काही पुन्हा झालं नाही. तिनं थांबा म्हटलं नाही. कुठे जायचंय, असंही कधी विचारलं नाही. दारापर्यंत जायची, तो जिना उतरून जाईपर्यंत उभी राहायची आणि मग आत येऊन ताटं उचलायची.